मुशाफिराचं व्याख्यान, आईचं श्राद्ध

भाद्रपद शु. ७
महाल पेठेतल्या सार्वजनिक गणपतीपुढे आज माझं व्याख्यान. व्हेनिसचा मुशाफिर. सतराव्या वर्षी बापाबरोबर निघाला. पामीर, गोबीचं वाळवंट, चीनच्या खानापाशी सतरा वर्षं चाकरी, परतीला जहाजानं आपला मलबार. चोवीस वर्षांनी आला तर घरच्यांनीच ओळखलं नाही. इथे बायकांनी डोळे पुसले. आमच्या ज्ञातीचे पंच अप्पासाहेब, त्यांनी हार घातला. "काय छाती हो त्याची!" मी स्वतः जवळच्या कामठीपलीकडे गेलेलो नाही, ते असो.

घरी आलो तर केशव ओट्यावर जेवत होता. सख्खा धाकटा भाऊ. बसऱ्याच्या लढाईवर कंपाउंडर, तीन वर्षांनी परवा परतला. समुद्र ओलांडला म्हणून आत घ्यायचा नाही.
"दादा, त्या व्हेनिसवाल्याले हार, अन् मले ओटा काहून गा?"
मी चपला काढून आत गेलो.

शु. १०
अप्पासाहेबांकडे. म्हणाले, केशवनं प्रायश्चित्त म्हणून मिशी काढून पंचगव्य घ्यावं, नाहीतर आईच्या श्राद्धाला भटजी येणार नाहीत. माझ्या लेकीची, यमूची सोयरीक त्यांच्याच भाच्याशी चालली आहे. त्याबद्दल अवाक्षर नाही, नुसते पान लावत बसले. हलकट!

केशव ऐकेना. "जखमा बांधून राहिलो होतो मी तिथं. पाप कोणतं केलं, सांग ना! आई गेली तवा नव्हतो. श्राद्धाले तरी बसू दे."
मी श्राद्धाच्या सामानाची यादी करायला घेतली.

पौर्णिमा
केशवनं पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. ट्रंक एकट्यानंच उचलली. सौ. माझ्याशी बोलत नाही.
धरमपेठेतून निरोप: तेच व्याख्यान आमच्याकडेही द्या. थू माझ्या जिण्यावर.

वद्य ९
श्राद्ध. भटजी, अप्पासाहेब, सगळे हजर. पिंडदानाच्या वेळी केशव दारात. "बाहेरूनच नमस्कार करतो." अप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि दार लावलं. मीच.

पानं मांडली तर यमूचा पत्ता नाही. तिसऱ्या प्रहरी आली, हातात खिरीचा रिकामा डबा. उंबऱ्याबाहेर थांबली, सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मी काकाच्या पानात जेवली. आता मले आत घेता का?"

अप्पासाहेब उठले. "उद्या सकाळपर्यंत काय ते कळवा."
यमू ओट्यावर बसून आहे. सौ. तिच्याजवळ जाऊन बसली. मी आत बसून हे लिहितो आहे.