मंगळवारचं पाणी

शुक्रवार, १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेपरात तुझा फोटो पाहिला. अख्ख्या विभागाच्या आरोग्य मंडळाची अध्यक्ष, आणि चेहरा असा की कुणीतरी वॉर्डात चिखलाचे बूट घालून शिरलंय! चिमणीने तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवलाय. मंगळवार-शुक्रवार ती तुमच्याच मोठ्या इस्पितळात डायलिसिसला जाते ना, तिथल्या नर्सना ऐटीत सांगते की माझी नणंद आता तुमची साहेब. दुकानात घड्याळं घेऊन येणारी गिऱ्हाइकं माझ्या बहिऱ्या कानाशी ओरडून अभिनंदन करून जातात.

पण एक सांग, अध्यक्षाच्या अंगी लागतं तरी काय? मेट्रन असताना तू नुसती दारात उभी राहिलीस तरी चादरी सरळ व्हायच्या. इथे पुरेल का तेवढं? फोन माझ्या उपयोगाचा नाही, म्हणून सविस्तर लिही.

मोठी झालीस तरी आम्हांला लहानच धर, एवढंच मागणं.

तुझा,
भाऊ

सोमवार, ११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

सभेतली खुर्ची इतकी उंच आहे की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. हस खुशाल. पण मी तोंड उघडलं की अकरा माणसं बोलायची थांबतात, आणि मला टेबलाखाली हात लपवावे लागतात. वॉर्डात असं कधी झालं नाही. तिथे समोर माणूस असायचा, त्याच्या कपाळावर हात ठेवला की निम्मं कळायचं. इथे समोर येतो कागद. त्याच्यामागची माणसं दिसत नाहीत.

तू विचारलंस ते सचिवांनी टाइप करूनच दिलंय: दूरदृष्टी, संयम, सर्वांना सोबत घेऊन जाणं. लग्नाच्या जाहिरातीसारखं वाटलं मला. तरी पाठ केलं.

आज दुपारी एक कागद आला. त्याबद्दल लिहिता येत नाही. प्रयोगशाळेतली मुलगी तो स्वतः घेऊन आली आणि मी वाचून होईपर्यंत उभीच राहिली. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले की दुसरा अहवाल बुधवारी येईल, तोवर उगाच घबराट नको. बाकीच्यांनी माना डोलावल्या, मग मीही डोलावली.

जाता जाता सहज विचारते. चिमणीला मशीनवर असताना थंडी वाजते का?

दोघं जपून राहा. आशीर्वाद आहेतच.

ताई

गुरुवार, १४ मार्च

ताईस नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी चिमणीचे कपडे न्यायला घरी आलो होतो. ती इस्पितळात आहे. मंगळवारी मशीनवर असतानाच तिला हुडहुडी भरली. दात वाजत होते, दोन घोंगड्या घातल्या तरी थांबेना. शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचंही तसंच. संध्याकाळी ताप एकशे चार.

आणि काल डायलिसिसच्या दारावर कागद लागला: मशीनच्या पाण्यात दोष आढळल्याने विभाग बंद, अध्यक्षांच्या आदेशावरून. खाली तुझी सही. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या नावाने तूच सही करायचीस, ते वळण मी कुठेही ओळखीन.

तू आयुष्यात कधी काही सहज विचारलेलं नाहीस, ताई. तुला सोमवारी कळलं होतं. शेजाऱ्यांकडे फोन आहे. एक शब्द सांगितला असतास, तर मंगळवारी मी तिला पाठवलीच नसती.

ती शुद्धीवर आली की तुझ्याबद्दल विचारते. काय सांगू?

भाऊ

रविवार, १७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

जे झालं तेच सांग तिला.

सोमवारी संध्याकाळी मी फोन उचलला होता. तुझ्या शेजाऱ्यांचा नंबरही फिरवला. मग वाटलं, त्या विभागात बेचाळीस रुग्ण, त्यांतल्या एकीचीच नणंद अध्यक्ष आहे. बाकी एकेचाळीसांना कोण फोन करणार? ठेवून दिला. त्याच हाताने तुला ते चोरटं वाक्य लिहिलं, त्याची लाज वाटते.

पण खरी चूक फोनची नव्हती. सोमवारीच विभाग बंद करायचा अधिकार माझा होता, एकटीचा. मी घाबरले. बंद केला तर दोन दिवसांत लोकांच्या पायांना सूज, श्वास लागणार. अहवाल खोटा निघाला तर सगळे म्हणणार, मेट्रनबाईंना खुर्ची झेपली नाही. सर्वांना सोबत घेण्याच्या नादात मी मंगळवारचं पाणी चालू ठेवलं. त्या दिवशी अकरा जणांना थंडी वाजल्याचं कळलं, तेव्हा कुणालाही न विचारता सही केली. डॉक्टर उठून निघून गेले. या वेळी हात टेबलावरच होते. दुसऱ्या अहवालाने पहिलाच खरा ठरवला.

शिंपीकाका काल गेले. त्यांच्या घरी जाऊन मी सांगितलं की सोमवारी मला माहीत होतं. त्यांच्या मुलीने दार लावून घेतलं.

राजीनामा लिहून ठेवलाय. तू रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

ताई

गुरुवार, ४ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आठवडा झाला. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घ्या. ह्यांनी तुमची पत्रं मला दाखवली. स्वतः मात्र अजून लिहायला तयार नाहीत. तीन दिवस एकच घड्याळ उघडून बसलेत.

मी तुम्हांला माफ केलं असं लिहिणार नाही. शिंपीकाकांनी पाळीची वाट बघत बसल्या बसल्या माझ्या ब्लाउजची बाही दुरुस्त करून दिली होती. माफ करायचं की नाही, ते त्यांच्या मुलीने ठरवायचं.

पण राजीनामा देऊ नका. तुमच्या जागी येईल त्याला तो मंगळवार फक्त फायलीत सापडेल. तुम्हांला तो रोज सकाळी आठवेल, आणि आठवलाच पाहिजे. रागाने नाही लिहीत. त्या कागदामागे मी होते, म्हणून लिहिते.

आम्ही सगळे सध्या बसने दुसऱ्या शहरात मशीनवर जातो. येत्या मंगळवारी इथला विभाग पुन्हा उघडणार. खरं सांगू? त्या खाटेवर पुन्हा आडवं व्हायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. इतरांचंही तेच.

तुम्ही या. नणंद म्हणून नको, अध्यक्ष म्हणून या. पाण्याचा ताजा अहवाल घेऊन या आणि सुया टोचण्याआधी आम्हां सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही प्रश्न विचारू. तुमचा आवाज कापला तरी चालेल.

सकाळी सातला पहिली पाळी लागते. माझी खाट खिडकीजवळची.

तुमची,
चिमणी