सिंगापूरचे नऊ तास

१४ एप्रिल २००६, शुक्रवार

तिकीट आलं! २१ मे, रविवार रात्र. मुंबई–सिंगापूर–मेलबर्न. एजंटने स्वस्तातलं बघितलंय, त्यामुळे सिंगापूरला नुसतं बसायचं. सकाळी सातला उतरणार, पुढचं विमान दुपारी चारला. नऊ तास.

रुचिताचा फोन आला तर ती रडकुंडीला. "आई, नऊ तास तू एकटी काय करशील गं?" सातवा संपत आलाय तिचा. बाळंतपण तिचं, आणि काळजी करतेय माझी!

हे पेपरामागून म्हणाले, "सोबत बघायला पाहिजे."

मी पोळ्या लाटत होते. लाटताना डोक्यात तेच — नऊ तास. नऊ!

१५ एप्रिल

ही डायरी यांच्या बँकेची, २००३ सालची. कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, मी खोडून नवे घालते.

ठेवते पापडाच्या डब्यामागे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी आपल्या घरात साखर कुठे असते ते यांना ठाऊक नाही. बँकेच्या लॉकरपेक्षा ही जागा पक्की.

१९ एप्रिल, बुधवार

अख्ख्या बिल्डिंगला कळलं. जी ती जिन्यात थांबवते — "मजा आहे बुवा तुमची! फॉरेन!"

कसली मजा? तीन महिने बाळ-बाळंतिणीचं न्हाणं, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, दोन वेळचा स्वयंपाक, आणि जावयाच्या घरात पाय जपून टाकणं. मोठ्या जावेची दोन बाळंतपणं मी केली. नणंदेचं केलं. मग सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर, गेल्या दिवाळीपर्यंत. रोज कूस बदलून बदलून माझाच खांदा गेला.

नातवंड येतंय. आनंद आहे. खोटं कशाला लिहू, खूप आनंद आहे. पण मी दमलेय. दोन्ही खरं आहे. हे रुचिताला सांगितलं तर ती म्हणेल येऊ नकोस, आणि मग मलाच चैन पडणार नाही. म्हणून इथे लिहिलं.

२३ एप्रिल, रविवार

पाणी आज उशिरा आलं. पिंपं भरता भरता आठवत बसले — मी एकटी अशी कधी होते?

माहेरी पाच भावंडं. लग्न झालं तर परळची दहा बाय बाराची खोली, माणसं सात. इथे सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा वाटलं, आता ऐसपैस! वन रूम किचन. तर सासूबाई पडल्या. आता त्या नाहीत, तर हे आहेत. दिवसभर. "ऐकलंस का, चहा टाकतेस?" "ऐकलंस का, माझा चष्मा?" वाईट नाहीत हो. कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. पण चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तुला काय हवंय?

शहाऐंशी साली ऑपरेशन केलं तेव्हा हॉस्पिटलात तीन दिवस मिळाले होते. म्हटलं, चला, पडून राहू. वॉर्डात बावीस जणी!

सिंगापूरला मला कोणी ओळखत नाही. नऊ तास कोणी "ऐकलंस का" म्हणणार नाही. मी काही करणार नाहीये. काही बघायचं नाही, घ्यायचं नाही. नुसती बसणार.

ते नऊ तास माझे.

२६ एप्रिल

यांनी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकलं — आमच्या हिला सोबत हवी. झालं! उपवर मुलीला स्थळं यावीत तशा सोबती सांगून येतायत. एक जण सिडनीला जाणारे. एक सिंगापूरपर्यंतच. एक बाई तर पुढच्या वर्षी जाणार आहेत, तरी त्यांचा नंबर आणला!

मी म्हटलं, "कशाला सोबत? मी करीन सगळं."

"बोर्ड सगळे इंग्रजीत असतात. वाचता येणारेत?"

मॅट्रिकला इंग्रजीत मला एकसष्ट होते. यांना बेचाळीस. मी स्वतः यांची मार्कशीट फाईलला लावलीय.

३० एप्रिल, रविवार

आज रंगीत तालीम करायला गेले. "ब्लाउजपीस बघून येते" सांगून रिक्षा केली आणि भाईंदरला खाडीकाठी जाऊन बाकावर बसले. पर्स मांडीवर. पाणी ओसरलेलं, वास येत होता, पण वारा छान. हात कुठे ठेवायचे ते कळेना. सारखं वाटत होतं, काहीतरी गॅसवर राहिलंय.

दहा मिनिटं झाली असतील. तिसऱ्या मजल्यावरची ममता, मुलाला घेऊन आलेली. "अय्या काकू! एकट्याच? काय झालं?"

"काही नाही गं, बसलेय."

"घरी सगळं ठीक आहे ना? काकांशी काही —"

"नाही गं."

ती शेजारी बसली. उठेचना! शेवटी मला रिक्षात घालून घरी पोचवलं. आणि जिन्यातच यांना सांगितलं, "काका, काकू एकट्या बसल्या होत्या हं, लक्ष ठेवा." यांनी रात्री जेवताना विचारलं, "पोट बिघडलंय का?"

३ मे, बुधवार

सोबत ठरली.

भाईंदरचे गुणवंतभाई आणि वासंतीबेन. एक मुलगा मेलबर्नला, त्या दोघांची ही तिसरी खेप. विमान तेच, फक्त बावीसचं. यांनी मला न विचारता एजंटकडे जाऊन माझी तारीख बावीस करून घेतली, वर पैसे भरले. जे रिक्षाला दोन रुपये जास्त द्यावे लागले तर दोन दिवस बोलून दाखवतात, ते!

संध्याकाळी दोघं घरी आली. माणसं फार चांगली, तिथेच तर पंचाईत आहे. वासंतीबेननी सगळं योजून ठेवलंय. थेपले त्या आणणार, सिंगापूरला तिघं मिळून पत्ते खेळायचे, मग त्या मला त्यांच्या दोन्ही सुनांचं पहिल्यापासून सांगणार. गुणवंतभाई उठताना यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाईसाहब, आप बिलकुल फिकर मत करना. भाभीजी को एक मिनिट भी अकेला नहीं छोडेंगे."

यांचा चेहरा असा उजळला, की मी चहाचे कप उचलून आत गेले.

४ मे

एक मिनिटसुद्धा नाही.

७ मे, रविवार

उत्तनची शकू पापलेटं घेऊन आली. रुचिताला सुके बोंबील हवे होते, पण तिकडे विमानतळावर सगळं काढून टाकतात म्हणे. शकूला म्हटलं, राहू देत, मी परदेशी चाललेय.

"एकलीच?"

"एकटीच जाणार होते. सोबत काढलीय आमच्या यांनी."

ती टोपली ठेवून दारात टेकली. "आमचा दादला बोटीवर गेला का आठ-आठ दिस येत न्हाय. लोका बोलतात, शकू, कसा करमता तुला? मी बोलते, देवाची दया हाय." मग इकडेतिकडे बघून हळूच, "पाय पसरून जेवते मी! कोणाला सांगू नका."

इतकी हसले मी, किती दिवसांनी! ती गेल्यावर ओट्यापाशी उभं राहून रडूही आलं. कारण काय तर एका कोळणीला आठ-आठ दिवस मिळतात, आणि मला नऊ तास मिळत नाहीत.

१० मे

आज यांना सांगायचंच ठरवलं होतं. जेवणं झाली, हे बडीशेप चघळत बसले होते. म्हटलं, "अहो, ती सोबत —"

"काय झालं? वासंतीबेन आजारी पडल्या?"

"नाही."

"मग?"

आता मग काय? मला कोणी नको? तुम्हीही नको? असं बायकोने म्हटलं की नवऱ्याला काय ऐकू येतं ते मला कळतं. खाडीवर नुसतं बसले तर बिल्डिंगभर झालं.

"काही नाही. त्यांना लोणचं न्यायचं का विचारत होते."

"ने की," म्हणाले. आता अर्धा किलो लोणचंही न्यायचंय!

१३ मे, शनिवार

मी नसताना यांचं कसं होणार? शेवंती भांडी-लादी करील, पण ती चेण्याहून येते, दहाच्या आत नाही. सकाळचं यांनाच बघायचंय. आज सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या डकवल्या. डाळ. साखर. पोहे. रवा. मीठ — यावर दोनदा लिहिलं. कुकर शिकवला. भाताला तीन शिट्ट्या, डाळीला चार. पंधरा मिनिटांनी विचारलं, "भाताला किती?" म्हणाले, "चार ना?"

बँकेत अडतीस वर्षं यांची एक एंट्री चुकली नाही म्हणतात.

१६ मे

रुचिताचे पाय सुजलेत. मीठ कमी कर म्हटलं. "आई, तू ये फक्त," म्हणाली. येते गं बाळा. येते.

१७ मे, बुधवार

यांना परीक्षा म्हणून सबंध दिवस घर यांच्यावर सोपवलं आणि गरम कपडे घ्यायला बोरिवलीला गेले. तिकडे थंडी सुरू झालीय.

संध्याकाळी आले तर ओट्यावर सांजा. रवा कच्चा, मीठ नाहीच! हे खुर्चीत. टीव्ही बंद, दिवा लावलेला नाही. म्हटलं, "छान केलात हो." माझ्याकडे न बघता उठून दिवा लावला. पहिल्यांदा रांधलं, म्हणून लागलं असेल मनाला.

१९ मे, शुक्रवार

दोन दिवस झाले. "ऐकलंस का" एकदाही नाही. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "बस तू." आणि स्वतः केला! साखर विसरले. मी तसाच प्यायले.

बीपी तपासून आणलं. नॉर्मल. मी जाणार म्हणून घाबरले असतील. मलाही आता जाववत नाहीये. माणसाला राग धरून निघू देत नाहीत हे!

२० मे, शनिवार

नवीनच! हे एजंटकडे गेले होते, येऊन म्हणाले, परत एकवीस तारीख. म्हणजे उद्याच!

"आणि गुणवंतभाई?"

"सगळ्यांचंच," म्हणाले, आणि गॅलरीत गेले.

बॅगा अजून उघड्या. लोणचं गळतंय. आता लिहायला वेळ नाही.

२१ मे, रविवार

बॅगा बांधून झाल्या. अंग मोडून आलंय.

रात्री एक विचार केला. वासंतीबेन काही वाईट नाहीत. पत्ते खेळायचे, सुनांचं ऐकायचं, थेपले खायचे. नऊ तास कसेही जातात. लेकीला माझी गरज आहे, त्यापुढे हे काय मोठंसं? या वयात बाईला असलं सुचूही नये.

तरी वाईट वाटतंय. फार वाटतंय. लिहून ठेवते आणि संपवते.

न्हायला जाते आता. वही पर्समध्ये.

२१ मे २००६. दुपारी ४.१०

हे अक्षर माझे आहे. तू न्हाणीघरात आहेस.

बुधवारी रवा शोधत होतो. पापडाच्या डब्यामागे ही डायरी मिळाली. आपल्या बँकेची दिसली म्हणून उघडली. पहिले पान वाचून ठेवून द्यायला हवी होती. सगळी वाचली. ही चूक आहे व ती मान्य आहे.

एकवीस तारीख फक्त तुझी आहे. गुणवंतभाई उद्याच जातील. त्यांना सांगितले, मेलबर्नहून तातडीचा फोन आला. तुलाही खोटे सांगितले.

विचारले नाही, हे खरे आहे.

इंग्रजीत एकसष्ट, हेही बरोबर.

भाताला तीन शिट्ट्या.

— काशीनाथ

२२ मे, सोमवार. सिंगापूर

"ती दोघं पुढे गेलीत," म्हणून यांनी मला विमानतळावर आत सोडलं. रात्रभर वासंतीबेन दिसतील म्हणून ब्लँकेट तोंडावर ओढून बसले होते. उतरले, मोठ्या काचेजवळ जागा धरली, वही उघडली.

पहिला तास रागात गेला. माझी वही वाचलीच कशी! दुसरा रडण्यात.

सात उरलेत.