खड्ड्यात पेरलेले मणी

उत्खनन शिबिर, नरडाण्याजवळ
२३ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना,

ममताचा नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? हरभरा घाट्यावर आला असेल. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे. पण मी बरी नाही. काल तुम्ही फोन कापलात, म्हणून अमळनेरला निघालेल्या मगनकाकांच्या हाती हे पत्र देते आहे.

रविवारी तुम्ही शिबिरातल्या सगळ्यांसाठी भरीत-पुरी घेऊन आलात. पोरं बोटं चाटत होती आणि मी मिरवत होते. माझा खड्डा बघून तुम्ही विचारलंत, "बठ्ठास्ले काही ना काही सापडस, तुलेच कसं नही वं?" मी सांगितलं, सगळ्यांना सापडतं, पण इथे जुन्या वस्तीचं अंगण असावं, अंगणात फार काही मिळत नाही, आणि मिळालं नाही हेही आम्ही नोंदवतो. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, पटलं.

सोमवारी सकाळी माझ्या ब्रशखाली लाल अकीक दगडाचे मणी आले. मी किंचाळलेच! शेजारच्या खड्ड्यातला नवल धावत आला, उत्खननाच्या प्रमुख मॅडमनी पाठ थोपटली. मग मणी साफ करताना एकाच्या भोकातून निळ्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा निघाला. आपल्या शेतात नांगरताना सापडलेले, आईने ओवून देव्हाऱ्यात टांगलेले मणी, आबा! मी ते लहानपणापासून बघते आहे.

मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, हे माझ्या वडिलांनी ठेवलेत. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काल तुम्ही फोनवर म्हणालात, "मन्हं काय चुकनं? पोर खूश व्हयनी ना!"

काय चुकलं ते ऐका. मंगळवारी त्याच खड्ड्यात मला चूल लागली. भाजलेली माती, राख, जळालेले दाणे, सगळं जागच्या जागी. पण तुम्ही काय काय पुरलंत, कुठे आणि किती खोल, हे कळल्याशिवाय मॅडम या खड्ड्यातलं काहीच ग्राह्य धरणार नाहीत. त्यांचं बरोबर आहे. आम्हा स्वयंसेवकांतून पुढच्या प्रशिक्षणाला कोण जाणार, हे याच कामावर ठरायचं आहे. माझ्या कामावर तुम्ही माती टाकलीत.

दहावीला विज्ञान प्रदर्शनाचं माझं मॉडेल अर्धवट होतं, तर तुम्ही सुताराकडून नवंच करून आणलंत. त्याला बक्षीस मिळालं. सगळे म्हणाले, काय लाड करतात पोरीचे! मी रात्रभर रडले होते, ते तुम्हाला कधी कळलंच नाही. हे लिहायचं टाळत होते, पण आता लिहितेच. तुमची खात्री आहे की माझ्या हातून काही होणार नाही. मला संताप त्याचा आहे.

शनिवारी खड्डा बुजवतील. त्याआधी या. डबा आणू नका, कोणाला सोबत घेऊ नका. खड्ड्यात उतरा आणि कुठे काय पुरलंत ते मॅडमना सगळ्यांसमोर बोटाने दाखवा. लाज वाटेल, मलाही वाटली. आला नाहीत तर मी घरी येईन, आईशी बोलेन, तुमच्याशी नाही.

आणि येताना एवढं लक्षात ठेवा, चूल मला सापडली आहे. कोणी ठेवलेली नव्हती, आबा. मला सापडली.

'आपली लाडकी' न लिहिता,
ममता