डबड्याची पूजा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. तुझी आणि बाळाची तब्येत चांगली असेल. आईला म्हणावं, तुळशीला रोज पाणी घालतोय.

इंटरनेटवाल्यांनी डबडं फुकट दिलं होतं. ते खरं केवढ्याला पडलं सांगतो. आठ दिवस, कस्टमर केअरला एकवीस फोन, शेजारच्या उदयसिंहाशी अबोला, आणि तू. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर.

हुबळीतलं बारसं मी इथं टीव्हीवर व्हिडिओ कॉलनं बघत होतो, आणि ऐन वेळी मी मुद्दाम टीव्ही बंद केला, वायर उपटली, असं तू आईला म्हणालीस म्हणे. पूर्णे, मी तापट आहे, चोरटा नाही. बंद करायचाच असता तर तोंडावर सांगून केला असता. पाळणा दिसत होता, बायका दिसत होत्या, तुझी आई पुढं सरकली, आत्या वाकली, आणि चित्र थिजलं ते थिजलंच. मी मोबाइलवरनं सोळा वेळा फोन लावला. हुबळीत तेवढ्या माणसांत एकाला उचलावासा वाटला नाही.

कंपनीची बाई रोज म्हणायची, "चोवीस तासांत माणूस येईल." मी म्हटलं, बाई, तुमचे चोवीस तास कुठल्या घड्याळातले? तर म्हणे डबडं बंद करून चालू करा. गिऱ्हाइकाला मी असं सांगत बसलो असतो तर शिरोलीत शेड उभी राहिली असती का? वीस वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, मग स्वतःचा घेतला. अजून फाटकातनं आत शिरतो तेव्हा कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय ते आवाजावरनं सांगतो. माझ्या कानातनं काही सुटत नाही, हे तुला लहानपणापासनं माहीत आहे. आणि हे डबडं मेलं ते आवाज न करता. तांबडा दिवा तेवढा लुकलुकत होता.

उदयसिंहाचं नेट चालू होतं. त्यानंच खांबावर आपली वायर काढून स्वतःची जोडून घेतली असणार, असं मी धरलं आणि गच्चीवरनं गल्लीला ऐकू जाईल असा जाब विचारला. तो फक्त म्हणाला, "दादा, चहा घ्या आणि झोपा." याचा मला जास्त राग आला.

आठव्या दिवशी माणूस आला, ती निघाली सुहाना. आपल्या बाबालाल मिस्त्रींची सून. खांद्याला पिशवी, हातात शिडी. मी कंपनीचा सगळा राग तिच्यावर काढला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, वायरला हात लावलाय काय?"

"न्हाय," म्हटलं.

मग तिनं मला शिकवलं. डबडं एक नव्हे, दोन आहेत. खांबावरनं येते ती तांब्याची तार नव्हे, केसासारखी काच. तिच्यातनं वीज येत नाही, उजेड येतो. खांबावरच्या पेटीत तो उजेड आठ घरांत वाटला जातो. पहिलं डबडं आपल्या वाट्याच्या उजेडाची वीज करतं, दुसरं ती घरभर हवेतनं पसरवतं. मी इतके दिवस दुसऱ्याला शिव्या देत होतो, त्याची शिंगं चारी दिशांना फिरवत होतो. त्याचा काही दोषच नव्हता. तांबडा दिवा पहिल्यावर होता: उजेड पोचत नाही.

खांबावर उजेड पुरेपूर होता. मग तिनं आपल्या घरातलं हिरवं टोक उपसून एका छोट्या दुर्बिणीला लावलं. बराच वेळ बघितलं.

"काका, ह्यात तांबडं काय हाय?"

मी डबड्यावरचा वाळका झेंडू सरळ केला.

"तेल बी हाय की."

आता लिहूनच टाकतो. खंडेनवमीला सकाळी शेडमधल्या सगळ्या मशीन पुसल्या, तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू बांधला. घरी आलो. मिक्सर झाला, आईचं शिवणयंत्र झालं. मग त्या डबड्यासमोर उभा राहिलो. दोन वर्षं आई तुझ्याशी त्याच्यावर बोलते आणि मी आतल्या खोलीत पेपर धरून बसतो. पेपर वाचत नाही. घरातली पहिली पूजा त्याचीच व्हायला पाहिजे होती. टोक काढलं, तेलाच्या फडक्यानं पुसलं, बोटानं कुंकू लावलं, परत दाबून बसवलं. दिवा हिरवा लागला, मी निर्धास्त झालो. दुपारपर्यंत कसाबसा उजेड येत राहिला असणार, मग बारशाच्या ऐन वेळी तोही थांबला.

सुहाना हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "लेथला कुंकू लावताय, बेअरिंगमधी कोंबताय काय? काचंच्या तोंडावर धुळीचा कण बसला तर उजेड अडतोय, तुम्ही आख्खा करंडा वतलाय." टोक कापून तिनं नवं बसवलं. दिवा हिरवा झाला. झेंडू मात्र तिनं राहू दिला.

संध्याकाळी उदयसिंहाकडं जाऊन चहा घेतला.

वायर मी उपटली नाही. पण लग्नाला आलो नाही, आणि पहिलं बाळंतपण असून माहेरी ये म्हणालो नाही, त्याला कुठली कंपनी जबाबदार नाही. सव्वा महिना झाला की जावईबापूंना आणि बाळाला घेऊन ये. पाळण्याला कडी मी स्वतः शेडमध्ये करून ठेवली आहे, पन्नास किलो टांगून बघितली.

आईला विचारलं तर ती म्हणते, "लेकीला विचारा," आणि फोन ठेवते. म्हणून तुलाच विचारतो. आत्या बाळाच्या कानाशी वाकली, बायकांनी कुर्रर्र केलं, तिथपर्यंत मी ऐकलं. नाव मला ऐकू आलं नाही.

तुझा,
आबा