वेटिंगवरच्या मुलीची शिफारस

बिझनेस स्कूलचे प्रवेश अधिकारी साहेब यांना,
खापरखेड्याहून संघपाल पाझारे, रिटायर फिटर, याचा जय भीम.

माझी नंदिनी तुमच्या एमबीएच्या वेटिंगमध्ये आहे. वेटिंग म्हटलं का मले रेल्वेचंच ठाऊक. तिथं आमदाराची चिठ्ठी लावली का तिकीट कन्फर्म होते. म्हणून मी तशी चिठ्ठी घेऊन आलो. त्यात लिहिलं होतं, 'सदर विद्यार्थिनी माझ्या व्यक्तिगत परिचयाची आहे.' आमदारांनी तिले कधी पाहिलंही नाही.

नंदिनीनं ती वाचून माझ्याच खिशात परत ठेवली. "बाबा, इथं चिठ्ठी नाही चालत. अर्जानंतर नवीन काय केलं, ते कळवाचं असते."

मग तिनं एक पान लिहिलं. धंतोलीच्या ज्या दवाखान्यात ती काउंटरवर बसते, तिथं सुट्टी झालेल्या पेशंटले कागदांसाठी पाच तास थांबावं लागे. तिनं ते दोनवर आणले. पण पहिल्याच ओळीत तिनं लिहिलं, की आदल्या दिवशीच कागद तयार ठेवायची युक्ती वॉर्डात झाडू-पोछा करणाऱ्या कुसुमताईंची आहे.

मले राग आला. "काहून वं, त्यांचं नाव कायले? जागा तुले पाहिजे ना?"

"नंबर लागला तर खऱ्यावर लागू द्या, बाबा."

घरच्यांनी लिहिलेलं तुम्हाले चालत नाही, असं नंदिनी म्हणते, म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहीन. आमदाराची चिठ्ठी मी फाडली. त्यातली एक ओळ तेवढी ठेवली आणि तिच्याखाली सही करून राहिलो.

सदर विद्यार्थिनी माझ्या व्यक्तिगत परिचयाची आहे.

संघपाल पाझारे,
नंदिनीचे बाबा