किल्ली लाडबाईंकडं द्यायची न्हाई

अहो,

धावड्याहून दादा आल्ता. वहिनीला मुलगी झाली! मी त्याच्यासंगंच निघाले. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात आहेत. तुम्ही उद्या सकाळच्या एसटीनं या.

आता नीट वाचा. गावाला जाताना आपण दरवेळी किल्ली खाली घरमालकाच्या आईकडं, लाडबाईंकडं देतो, तुळशीला पाणी घालायला. उद्या द्यायची न्हाई. बिलकुल न्हाई. शिवनारायणशेठला पाडव्याच्या आत खोल्या रिकाम्या पाहिजेत. तुम्ही त्यांना "बघू" म्हणून आले, मी वकीलबाईंना विचारून आले. त्या म्हणल्या, भाडं बराबर देता ना, मंग कोर्टाच्या हुकुमाबिगर तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत न्हाई, नळबी तोडू शकत न्हाई. पण तुम्हीच आपल्या हातानं किल्ली दिली, तर घर सोडून गेले असं शेठ खुशाल सांगतील.

किती हलकं वाटलं मला! आपण उगंच महिनाभर झोप उडवून घेतली.

शेठसमोर तुमच्या तोंडून "न्हाई" निघत न्हाई, हे मला ठाऊक आहे. म्हणून काही बोलूच नका. कुलूप लावा, किल्ली खिशात घाला.

पण लाडबाईंचं मन दुखवू नका, त्यांनी आपली तुळस पोटच्या पोरीसारखी जपली. जाताना कुंडीच उचलून त्यांच्या ओट्यावर ठेवा आन् म्हणा, "नंदा सोमवारी येऊन वर नेईल."

तेवढं तर तुम्हाला बोलता येईल.

नंदा