स्वस्तातले बोलके टायर

६ ऑक्टोबर, रविवार

टायर गेले! एक नाही, चारही. चर्चची मिस आटपून येताना हवा भरायला थांबले तर पंक्चरवाला म्हणतो, "आंटी, यांना टक्कल पडलंय. कुठे आदळाल." मरोळच्या चर्चपासून घरापर्यंत बैलगाडीच्या वेगाने आले. मागचा रिक्षावाला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

गाडी नवऱ्याची, फिलिपची. चालवते मी — साठीला टेकल्यावर शिकले! दिपालीच्या क्लासमध्ये. ती पोरगी ओरडायची, "मावशी, क्लच सोडा म्हटलं, स्टिअरिंग नाही!" मागच्या वर्षी काचबिंदूने फिलिपचे डोळे नेले, म्हणून शिकले. त्याला फिरवीन म्हटलं.

पण तो बसेल तर ना! डोळे गेल्यापासून ओट्याच्या खाली उतरलेला नाही. डॉक्टरकडे न्यायचं तरी डॅरिलला मुलुंडहून यावं लागतं, पप्पाची समजूत घालायला. "मी जन्मभर बस चालवली, क्लारा. लोकांना नेलं. आता मला सामानासारखं नेऊ नकोस." झालं. मग दिवसभर टीव्ही. बसच्या इंजिनाशेजारी बसून कानही अर्धे गेलेले, त्यामुळे बातम्या शेजारच्या लताला फुकटात ऐकायला मिळतात.

८ ऑक्टोबर, मंगळवार

साकीनाक्याला जाऊन टायर घातले. दुकानदार नितेश, तोंडाने गोड. नावाजलेल्या कंपनीचे दाखवले, मी किंमत ऐकून खुर्चीत बसले. मग म्हणतो, "मावशी, हे बघा. नवीन ब्रँड. तेवढ्यात चार येतील." नाव असं की जीभ अडकावी. म्हटलं, घाल बाबा. कुठे मला शर्यत लावायचीय!

निघताना त्याने चाकांखाली लिंबं ठेवली. मीही पर्समधून वेलंकणीच्या पवित्र पाण्याची बाटली काढून चारही टायरांवर शिंपडलं. दोन्हीकडून बंदोबस्त. टायर कसे नवेकोरे, अंगावर रबराचे केससुद्धा. फार छान वाटलं मला.

९ ऑक्टोबर, बुधवार

आवाज! अगं बाई, काय आवाज! चाळीसच्या पुढे गेलं की घूंऽऽ — गाडीखाली मधमाशांचं पोळं बांधल्यासारखं. गाडी लावते तोच समोरच्या घरातला मितेश बाहेर. त्याची ती मोठी गाडी, लोक चपला काढून बसतात त्यात. वाकून टायर वाचला आणि सगळ्या गल्लीला ऐकवलं, "आंटी, हे कुठून उचललं? याच्यापेक्षा टक्कलवाले बरे होते यार!" सगळे हसले. लताही.

वर डॅरिलचा फोन. "मम्मी, कोणाला विचारून घातलेस? मी आणले असते ना!" मला गाडी येते, टायर घ्यायची अक्कल नाही, असंच ना?

स्वयंपाकघरात जाऊन रडले. फिलिप भिंत चाचपत दारात आला.

"काय झालं?"

"कांदा कापतेय."

त्याने हवेत हुंगलं. "कांद्याचा वास येत नाही," म्हणाला आणि परत गेला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी चहा झाल्यावर फिलिप म्हणाला, "चप्पल दे. बघू तुझे टायर काय म्हणतात." मला वाटलं थट्टा करतोय. पण तो उभाच. खांद्यावर हात ठेवला आणि ओटा उतरला! लता गॅलरीत बघतच राहिली.

गाडीत बसला, काच खाली, कोपर बाहेर, अगदी जुन्या सवयीने. मी भीतीने काहीबाही बडबडत चालवत होते. जरा पुढे गेलो तर हात वर करून म्हणतो, "थांब, बोलू नकोस. ऐक. हा पेव्हर ब्लॉकचा रस्ता — टरटरतोय बघ. आता वळशील तिथे काँक्रीट... हां! गुणगुणायला लागला. आता चकाल्याचा पूल येणार."

आला!

"तुला कसं कळतं रे?"

"तुझे टायर सांगतात. पहिले मुके होते, मी डब्यात बंद केल्यासारखा बसलो असतो. हे बोलके आहेत. झकास काम केलंस."

फिलिपने माझं कौतुक याआधी कधी केलं होतं, आठवत नाही. बहुतेक लग्नात इंड्यालचं मटण जेवला तेव्हा, आणि ते मटणही माझ्या आईने रांधलेलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आजही आला! मितेशसमोरून मुद्दाम हळू नेली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पार्ल्याला डोळ्यांचे डॉक्टर. पहिल्यांदाच डॅरिलला बोलवावं लागलं नाही. फिलिप सगळ्या वाटेने बडबडतोय — इथे डांबर, इथे खोदलेलं बुजवलंय, इथे उतार. मरोळ नाक्याच्या सिग्नलला गाडी उभी, तर म्हणतो, "आला मरोळ नाका, टायर बरोब्बर सांगतात." मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडून त्याला शाबासकी दिली. शेजारच्या बाईकवाल्याला वाटलं आमचं भांडण चाललंय.

२० ऑक्टोबर, रविवार

मिसला दोघं. आमच्या नेहमीच्या बाकावर. बस्स.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चर्चबाहेर टॅक्सी लावतो तो कुंडलिक. त्याच्या गाडीला हेच टायर निघाले! म्हणाला, "मावशी, दोन वर्षं झाली, काही तक्रार नाही. जरा कडक आहेत, खड्डा कमरेला कळतो. पावसात ब्रेक आधीपासून दाबायचा. आणि तो आवाज — पॅसेंजर विचारतात विमान आहे का!" मी म्हटलं, "आवाजाचं नाव काढू नकोस, त्याच आवाजावर माझा संसार चाललाय." त्याला काही कळलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांचा दिवस, सिमेट्रीत गेलो. फिलिपने आईच्या कबरीवर स्वतः मेणबत्ती लावली, मी फक्त हात धरला. मागच्या वर्षी या दिवशी तो खोलीतून बाहेर आला नव्हता. येताना सुका बोंबील घेतला, आणि भाव करायला फिलिप! दिसत नाही तर कोळीण फसवेल म्हणून मी मध्ये बोलायला गेले, तर ती म्हणते, "बाय, तू गप. हा माणूस बरा बोलतंय." खूश होता दिवसभर. मीही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज टायर चुकले! पुढे रस्ता खोदलेला, पोलिसाने आतल्या गल्लीतून पाठवलं. मी घाबरलेली, बोलायचं सुचलं नाही. फिलिप आपला सांगतोय, "हे आलं जे. बी. नगर." कसलं जे. बी. नगर! आम्ही भलत्याच गोदामांच्या मागे. "चकाल्याचा पूल" म्हणाला तेव्हा तर समोर म्हशींचा गोठा.

हवा कमी असणार. पंक्चरवाल्याकडून चारही तपासून घेतले. ठीक आहेत म्हणतो. तरी थोडी भरून घेतली.

१ डिसेंबर, रविवार

डॅरिल आणि सून ॲन्ड्रिया जेवायला. जेवण झाल्यावर डॅरिल गाडी घेऊन एक चक्कर मारून आला तो कपाळाला हात लावून. "मम्मी, या आवाजात तुम्ही बसता कसे? नाताळला मी नवीन टायर घालून देतो. एकदम सायलेंट."

मी म्हटलं, खबरदार! मग त्याला अंगणात नेऊन सगळं सांगितलं — टायर बोलतात म्हणून पप्पा बाहेर पडतो. ते गप्प झाले तर तो परत ओट्यावर बसेल, आणि या वेळी मला उठवता येणार नाही. डॅरिल ऐकत होता, पण चेहरा असा की मम्मीचं वय झालं.

ॲन्ड्रिया म्हणाली, "राहू दे ना रे, मम्मीला आवडतात तर." गुणाची आहे.

११ डिसेंबर, बुधवार

नाताळचा फराळ सुरू. फिलिप नारळ खवतो, दिसत नसताना माझ्यापेक्षा बारीक. दुपारी चक्कर. वाटेत गाणंही म्हटलं, बेसूर. दोघांनीही.

२२ डिसेंबर, रविवार

केलंच त्याने!

"गाडी धुऊन आणतो" म्हणून डॅरिल सकाळी घेऊन गेला. दुपारी आला तर चार नवे टायर, नावाजलेल्या कंपनीचे, वर लाल रिबिन बांधलेली. माझे? "एक्स्चेंजमध्ये दिले, मम्मी. तुझ्या सेफ्टीसाठीच ना." मी गल्लीतच त्याला फैलावर घेतलं. मितेश मध्ये आला, "आंटी, आता कसे शोभतात!" त्यालाही घेतलं. डॅरिलचं तोंड एवढंसं झालं. वाईट हेतूने थोडंच केलं त्याने! पण मला रडूच आवरेना.

एवढंच म्हटलं, पप्पाला सांगू नकोस.

चालवून बघितली. लोण्यावरून सुरी फिरावी तशी जाते. एक आवाज नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

फिलिप चप्पल घालून तयार. मी म्हटलं, कमर धरलीय. खोटं बोलले.

२४ डिसेंबर, मंगळवार

आजही कमर. साकीनाक्याच्या दुकानदाराला, नितेशला फोन केला, तसले चार आहेत का? म्हणे माल संपला, जानेवारीत येईल. म्हणजे तोवर काय! फिलिप विचारत होता, "उद्या मिसला जायचं ना?" नाताळाच्या दिवशी कुठली कमर सांगू? जायचं म्हटलं. उद्या दोन वळणं गेली की त्याला कळेल, आणि मग तो हात परत मांडीवर ठेवून गप्प बसेल. मला ते बघवणार नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

निघालो. फिलिप नव्या शर्टात, कोपर खिडकीबाहेर. गाडी इतकी गुपचूप की माझी जपमाळ पुटपुटलेली मलाच ऐकू येत होती. पहिलं वळण. दुसरं.

फिलिपने डॅशबोर्डवर टिचकी मारली. "ऐक, ऐक! काँक्रीट लागलं. कसे गुणगुणतायत बघ तुझे टायर!"

म्हणजे रस्ता टायर सांगतच नव्हते, त्यालाच पाठ होता! डोळे पुसले. आजही कांदा नव्हता.

मग त्याच्या उजव्या कानाशी ओरडून म्हटलं, "हो रे! लय आवाज करतात मेले."